किरणमुक्तीचा दाखला

हिंगोलीतल्या एका महाविद्यालयाला दर वर्षी एक राष्ट्रीय चर्चासत्र भरवावं लागतं. भरवलं नाही तर मूल्यांकनात गुण जातात. चर्चासत्र कशावर असावं हे वरून कधीच कळवलेलं नसतं, त्यामुळे विषयाची अडचण सहसा येत नाही. त्या वर्षी मात्र आली, कारण एकदम तीन विषय आले. पदार्थविज्ञान विभागाला कॅन्सरवरच्या किरणोपचारांबद्दल बोलायचं होतं. गृहविज्ञान विभागाला मातृआरोग्याबद्दल. आणि रसायनशास्त्राचे प्रा. डॉ. देविदास खंदारे यांना जैव-अकार्बनी रसायनशास्त्राबद्दल, म्हणजे सजीवांच्या देहात शिरून धातू काय काय उद्योग करतात याबद्दल. सभागृह एकच होतं. मंडपवालाही एकच. आणि जेवणाचं कंत्राट ज्या एका माणसाकडे होतं, तो संस्थेच्या सचिवांचा मेहुणा असल्यामुळे त्याचे तीन तुकडे होणं शक्य नव्हतं.

प्राचार्यांनी तिन्ही विभागप्रमुखांना समोर बसवून निवाडा केला. "तिन्ही विषय एकाच फलकावर घ्या. मधी एक 'आणि' टाका."

फलक तयार झाला : 'किरणोपचार, मातृआरोग्य आणि जैव-अकार्बनी रसायनशास्त्र : समन्वय व आव्हाने'. तो लावायला आलेल्या माणसानं खाली उतरून वर बघितलं आणि विचारलं, "सर, ह्या तिघांचा एकमेकांशी काय संबंध?"

"तो चर्चासत्रात सापडंल," प्राचार्य म्हणाले. "म्हणून तर भरवून राहिलो."

गंमत अशी, की संबंध खरोखरच होता, आणि तो एकट्या खंदारे सरांना माहीत होता. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर झालेल्या बाईला किरणं देतात, आणि किरणांच्या जोडीला सलाइनमधून एक औषध देतात. त्या औषधाच्या रेणूच्या बरोबर मधोमध प्लॅटिनमचा एक अणू बसलेला असतो. बाई, किरणं आणि धातू! सरांना इतका आनंद झाला, की त्यांनी हा संबंध घरी जाऊन बायकोला सांगितला. सरांची सगळी पीएच.डी. धातूंच्या संयुगांवर गेली होती आणि ती आजवर कुणीही वाचली नव्हती, परीक्षकांसकट. आता प्रथमच त्यांच्या धातूला एक जिवंत माणूस मिळणार होतं. फक्त ते माणूस शोधायचं राहिलं होतं.

ते शितलनं शोधून दिलं. शितल ही सरांची जुनी विद्यार्थिनी. आता ती नरसीच्या पलीकडच्या एका तांड्यावर आशाताई म्हणून काम करत होती. गरोदर बायकांना दवाखान्यात नेणं, गोळ्या वाटणं, लेकरांची वजनं घेणं, आणि ह्या सगळ्याची माहिती कुणीतरी मागितली की ती पुन्हा पहिल्यापासून देणं, हे तिचं काम. "सर, आमच्या तांड्यावर जिवनबाई हाय," ती म्हणाली. "शेक घेऊन बरी झालेली. पार ठणठणीत."

जिवनबाई राठोडचं कुटुंब म्हणजे नवरा गुलाबसिंग, मुलगा रामप्रसाद, सून पुनम, एक बैलजोडी आणि हळदीचं थोडं रान. काही वर्षांपूर्वी तिला तोच कॅन्सर झाला होता. तांड्यानं तिची आशा सोडली होती, शितलनं सोडली नाही. तिनं जिवनबाईला मोठ्या शहरातल्या दवाखान्यात नेलं. तिथं रोज मशिनीखाली झोपवून किरणांचा शेक दिला गेला, आठवड्याला एकदा ते औषध. जिवनबाई उलट्या करकरून अर्धी झाली, पण परत आली. आता ती हळद शिजवायच्या कढईपाशी भर उन्हात उभी राहायची, आणि सुनेला दिवस गेल्याचं कळल्यापासून तिच्या पोटाकडे बघून स्वतःशीच हसायची. "म्या ह्याच्याचसाठी माघारी आले," असं ती विचारणाऱ्याला सांगायची, आणि न विचारणाऱ्यालाही.

तांड्यावर आईला याडी म्हणतात, आणि जिवनबाईला सगळा तांडाच याडी म्हणायचा.

"याडी, हिंगोलीला तुमचा सत्कार हाय," शितलनं सांगितलं.

"काहून? म्या काय केलं?"

"तुमी जगल्या."

"आगं, ते तर सगळेच करून राहिले," जिवनबाई म्हणाली, पण ट्रंकेतली चांगली साडी काढली.

सत्कार झाला. शाल मिळाली, नारळ मिळाला. खंदारे सर बोलले आणि खरोखर सुंदर बोलले. मागच्या रांगेतले विद्यार्थीसुद्धा काही काळ मोबाइल विसरले. मग प्रश्नोत्तरं झाली. एका बाहेरगावच्या प्राध्यापकाला सहभागाच्या प्रमाणपत्रासाठी एक तरी प्रश्न विचारणं भाग होतं. त्यानं विचारलं, "उपचारानंतर ही किरणं देहात शिल्लक राहतात का?"

"नाही," सर म्हणाले. "किरणं बाहेरच्या मशिनीतून येतात. मशिन बंद, किरणं बंद. विजेरी विझवल्यावर भिंतीवर उजेड राहत नाही, तसंच हे."

इथं त्यांनी थांबायला हवं होतं. पण माणूस संशोधक असला की त्याच्या जिभेला एक वळण पडलेलं असतं. प्रत्येक शोधनिबंधाच्या शेवटी जे वाक्य येतं, ज्याच्यावाचून निबंध उघडाबोडका वाटतो, ते वाक्य सरांच्या तोंडून आपसूक बाहेर पडलं. "तरीही या विषयावर अधिक संशोधनाची गरज आहे."

टाळ्या झाल्या. स्थानिक वार्ताहर जेवणाच्या वेळेच्या अंदाजानं निघाला होता. तो नेमका ह्या वाक्याला दारात पोचला.

दुसऱ्या दिवशी बातमी आली : 'जिवनबाईंच्या देहात आजही किरणं? तज्ज्ञ म्हणतात, संशोधनाची गरज'. प्रश्नचिन्ह छापताना जरा पुसट उठलं होतं.

कात्रण एका वरिष्ठ कार्यालयात गेलं. तिथल्या साहेबांनी ते वाचलं की नाही हे सांगता येत नाही, पण त्याच्या समासात 'तपासून कार्यवाही करावी' एवढं लिहिलं. ह्या चार-दोन शब्दांनी आजवर किती फाइलींना जन्म दिला असेल ते कुणी मोजलेलं नाही. ही फाइल जन्मली, वाटेत तिला शितलच्या गरोदर मातांच्या यादीतलं पुनमचं नाव जोडलं गेलं, आणि खाली उतरत उतरत ती तांड्याजवळच्या सरकारी रुग्णालयात डॉ. हरीश यांच्या टेबलावर आली. तिच्यावर विषय लिहिला होता : 'गरोदर मातेच्या सान्निध्यात किरणोपचारित व्यक्ती आढळल्याबाबत.'

डॉ. हरीश तरुण होते, हुशार होते, आणि बदलीच्या अर्जावर होते. त्यांनी जिवनबाईला आणि पुनमला बोलावून घेतलं. "मावशी, तुमच्यात किरणं-बिरणं काहीही नाहीत. बिनधास्त राहा."

"तसं लिवून द्या मंग," जिवनबाई म्हणाली.

डॉक्टरांनी एक कपाट उघडलं, बंद केलं. "मावशी, अडचण अशी आहे, की एखाद्याला काहीतरी 'आहे' असं लिहायचा नमुना आमच्याकडे आहे. 'नाही' असं लिहायचा नमुनाच नाही."

"पण न्हाई ना?"

"नाही. पण ते मी तोंडीच सांगू शकतो."

तेव्हा किरणमुक्तीचा दाखला मिळेपर्यंत संबंधित महिलेनं गरोदर मातेपासून सुरक्षित अंतर राखावं, असं दक्षता म्हणून ठरलं. सुरक्षित अंतर म्हणजे किती, हे शितलनं वरच्या कार्यालयाला फोन करून विचारलं. ज्या अंतरावर माणूस सुरक्षित राहतो ते अंतर सुरक्षित, असा खुलासा मिळाला. शितलनं अंगणाकडे बघितलं आणि अंगणाची रुंदी पक्की केली.

गुलाबसिंगला हे पटलं नाही. "म्या हिच्या शेजारी जलमभर झोपून राहिलो," तो म्हणाला. "शेक घेऊन आली तवापासून बी. मला काहून काही झालं न्हाई?"

"बाबा, तुमी गरोदर न्हाईत," शितल म्हणाली.

"हे बराबर हाय," गुलाबसिंग म्हणाला आणि बैलांना पाणी दाखवायला गेला.

जिवनबाईनं आपली बाज गोठ्यात नेली. सुरुवातीला तिला ह्या प्रकाराचं हसू यायचं. शेजारणींना ती सांगायची, "माझ्यापासून लांब बस गं, न्हाईतर कंदिलावानी पेटशील." पण शेजारणी हसता हसता खरंच थोड्या मागं सरकायच्या. ते तिला दिसायचं. हळूहळू तिनं ही थट्टा करणं सोडलं. मग ती दुपारी कुठं बसायचं ते उन्हाच्या हिशेबानं ठरवू लागली. आपली सावली सुनेवर पडू नये म्हणून. पुनम चहा घेऊन अंगण ओलांडू लागली की ती हात वर करून ओरडायची, "तिथंच ठिव बाई! तिथंच!"

"याडी, डॉक्टर तर न्हाई म्हणले ना?"

"ते म्हणले. लिवलं न्हाई. शिकलेला माणूस खरी गोष्ट लिवायला काहून भ्याला असता?"

पुनमनं चहा तिथंच अंगणात ठेवला.

आता घरातलं सगळं काम पुनमवर आलं. पाणी, झाडलोट, धुणं, भांडी. जिवनबाईच्या हातची भाकर सुनेनं खावी का, हे शितलनं फोनवर विचारलं. उत्तर आलं नाही, म्हणून भाकरी गुलाबसिंग थापू लागला. त्या भाकरी पाहून पुनमचं जेवण आणखी कमी झालं. पुढच्या तपासणीत तिचं रक्त कमी निघालं. डॉ. हरीश काळजीत पडले. रक्त कमी असलेल्या गरोदर मातेसाठी काय करायचं ह्याचा नमुना मात्र त्यांच्याकडे होता, आणि त्यात स्पष्ट लिहिलं होतं, की मातेला विश्रांती द्यावी, सकस अन्न द्यावं, आणि सासूचं समुपदेशन करावं.

अंतराची आणि समुपदेशनाची, दोन्ही सूचना शासनाच्याच होत्या, त्यामुळे दोन्हींचं पालन आवश्यक होतं. एका दुपारी शितल अंगणाच्या ह्या टोकाला उभी राहिली आणि त्या टोकाच्या जिवनबाईचं मोठ्यानं समुपदेशन केलं.

"याडी, सुनेची काळजी घ्या!"

"कशी घेऊ?"

शितलनं थोडा विचार केला. "लांबून!"

दाखल्यासाठी रामप्रसाद आईला घेऊन फिरू लागला. आधी ते शेक दिलेल्या दवाखान्यात गेले. तिथल्या खिडकीवरचा माणूस भला होता. त्यानं जुने कागद काढले, त्यांवर 'रुग्ण बरा' असं लिहिलेलं दाखवलं. "किरणं आम्ही देतो," तो म्हणाला, "गेली की नाही त्याची पावती ठेवत नाही." मग हिंगोलीत एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात. एका ठिकाणी सांगितलं, हे आरोग्याकडे येतं. आरोग्यानं सांगितलं, किरणं विज्ञानाकडे येतात. तिसऱ्या ठिकाणच्या साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते प्लॅटिनम आता दागिन्यांत धरायचं का?" रामप्रसादनं हात जोडले आणि आईला घेऊन बस स्टँडवर आला. बसमध्ये जिवनबाई खिडकीशी बसली. शेजारच्या सीटवर एक बाई लेकरू घेऊन आली, तेव्हा जिवनबाई उठली आणि गावापर्यंत उभी राहिली.

ही हकीकत शितलकडून खंदारे सरांना कळली. सरांना रात्री झोप लागली नाही, आणि सकाळी वर्ग सोडून ते मोटारसायकलवर तांड्यावर आले. जिवनबाईनं त्यांना गोठ्यातूनच राम राम केला.

"बाई, माझं एक वाक्य जास्त झालं," सर म्हणाले.

"माघारी घेता येतंय का?"

"निबंधातून घेता येतं. फाइलीतून नाही येत."

पण सर नुसते पश्चात्ताप करायला आले नव्हते, उपाय घेऊन आले होते. रुग्णालयात एक्स-रे काढणारा सुदाम होता. त्याच्या शर्टाला कायम एक बिल्ला लावलेला असायचा. माणसाच्या अंगावर किती किरणं पडली ते असा बिल्ला टिपून ठेवतो. मग तो दूरच्या प्रयोगशाळेत वाचतात. सरांचं म्हणणं, तोच बिल्ला जिवनबाईच्या गळ्यात घालावा. तिच्यात किरणं असतील तर बिल्ला सांगेल, नसतील तर कोरा राहील. कोरा बिल्ला म्हणजेच 'नाही' असं लेखी. डॉ. हरीश यांना कल्पना फार आवडली. इतक्या दिवसांत प्रथमच कुणीतरी 'नाही'चा नमुना शोधून काढला होता.

बिल्ला जिवनबाईच्या गळ्यात आला. "हा काढायचा नाही," सरांनी बजावलं. "आंघोळीला काढलात तर लगेच घालायचा. मोजणी खंडित झाली तर कुणी मानणार नाही."

आता सुदामच्या अंगावर बिल्ला नव्हता, आणि बिल्ल्याशिवाय एक्स-रे काढायला नियमानं बंदी होती. एक्स-रेच्या खोलीवर पाटी लागली : 'संशोधनानिमित्त बंद'. मनगट मोडलेला एक शेतकरी हट्ट्याहून आला होता. त्यानं पाटी वाचून सुदामला विचारलं, "कशाचं संशोधन?"

"एका बाईच्या अंगात किरणं न्हाईत, ह्याचं."

"मशिनीत तरी हायत ना?"

"हायत. पण आता काढता येत न्हाईत."

शेतकऱ्यानं मोडक्या हाताकडे बघितलं आणि चांगल्या हातानं नमस्कार करून तो नांदेडला गेला.

मोजणीची मुदत संपत आली. डॉ. हरीश यांनी दाखल्याची तयारी म्हणून फाइल उघडली, तर त्यांच्या लक्षात आलं, की रुग्णालयाचा कोणताही आरोग्यविषयक दाखला देण्यापूर्वी छातीचा एक्स-रे जोडणं बंधनकारक आहे. दाखला किरणं नसल्याचा असला तरी. त्यांनी सुदामला बोलावलं. सुदाम म्हणाला, बिल्ला नसताना मशिन चालवता येत नाही. दोघांनी मिळून नियम काढून वाचला. नियमात असं होतं, की काम चालू असताना बिल्ला खोलीत असला पाहिजे. कुणाच्या अंगावर, हे त्या पानावर नव्हतं. पुढचं पान वाळवीनं खाल्लं होतं. आणि बिल्ला तर खोलीतच असणार होता. जिवनबाईच्या गळ्यात.

एक्स-रे उत्तम आला. त्याच संध्याकाळी बिल्ला पाकिटात बंद होऊन प्रयोगशाळेकडे रवाना झाला.

निकाल आला तेव्हा पुनमला नववा महिना सरत आला होता. निकालात एकच ओळ होती : 'किरणांची नोंद आढळली.'

खंदारे सर धावत आले. त्यांनी निकाल वाचला, तारखा जुळवल्या आणि कपाळाला हात लावला. "अहो डॉक्टर, ही तुमच्या एक्स-रेची किरणं आहेत! मशिनीची! बाईंची नव्हेत!"

"मला समजतंय सर," डॉ. हरीश म्हणाले. त्यांचाही चेहरा पडला होता. "पण फाइलीला समजत नाही."

सरांनी तिथंच बसून कार्यकारणभावासहित खुलासा लिहिला. तो फाइलीला जोडण्यात आला. पण निकाल वरच्या बाजूला होता आणि खुलासा आतल्या बाजूला, आणि फाइल नेहमी वरून वाचतात.

पुनमला कळा सुरू झाल्या त्या दिवशी सकाळपासून ऊन होतं. रामप्रसादनं जीप आणली. जिवनबाई मागच्या फळीवर, बाकीच्यांपासून लांब, पाय बाहेर सोडून बसली. तिला येऊ नको म्हणायची हिंमत कुणाला झाली नाही. रुग्णालयाच्या व्हरांड्यात शितलनं प्रसूतीच्या खोलीच्या दारापासून काही पावलांवर चुन्याची रेघ मारली. तसे तोंडी आदेश होते. रेघ मारताना तिनं जिवनबाईकडे बघितलं नाही.

डॉ. हरीश जिल्ह्याच्या बैठकीला गेले होते. बैठक सुरक्षित मातृत्वावर होती. आत निता सिस्टर एकट्या होत्या. दुपारी पुनमला मुलगी झाली. मुलगी रडली, सगळ्यांच्या जिवात जीव आला, आणि लगेच आतून सिस्टरांचा आवाज बदलला. पुनमला रक्त जात होतं. रक्त तिच्या अंगात आधीच कमी होतं.

"लेकरू धरा कुणीतरी!" सिस्टर ओरडल्या. "छातीशी धरा, ऊब द्या! माझे दोन्ही हात इथं अडकलेत!"

रामप्रसाद पुढं झाला, पण सिस्टरांनी त्याला सलाइनची बाटली धरायला उभं केलं. गुलाबसिंग भिंतीला टेकून नुसता देवाचं नाव घेत राहिला. शितल वरच्या कार्यालयाला फोन लावत होती. पलीकडून बाईचा गोड आवाज येत होता, की आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, कृपया प्रतीक्षा करा.

जिवनबाई रेघेपाशी येऊन उभी होती. अंगठा चुन्याला टेकला होता. पुढं नाही.

शितलनं फोन बंद केला. चप्पल घासून घासून तिनं ती रेघ पुसली, पांढरा धुरळा दोघींच्या पायांवर उडाला. "याडी, या."

जिवनबाईचा पाय उचलेना. "आगं, कागद?"

"त्या पोरीला वाचता येत न्हाई," शितल म्हणाली.

जिवनबाई आत गेली. तिनं पदर सोडला, ते ओलं, लालबुंद लेकरू छातीशी घेतलं आणि वरून पदर गुंडाळला. भिंतीकडे तोंड करून ती खाली बसली. तिच्या खांद्यांकडे बघून ती रडते आहे एवढं कळत होतं. आवाज मात्र लेकराचाच येत होता, आणि तोही थोड्या वेळानं थांबला.

सिस्टरांच्या इंजेक्शननं रक्त आटोक्यात आलं. पुनमनं डोळे उघडले आणि कोरड्या ओठांनी विचारलं, "लेकरू कुणापाशी हाय?"

"सासूपाशी."

"मंग ठीक हाय," पुनम म्हणाली आणि झोपली.

गोष्ट खरं तर इथं संपायला हवी. माणसांच्या बाजूनं ती संपलीही होती. जिवनबाईनं गोठ्यातली बाज घरात आणली, भाकरी पुन्हा तिच्या हाताच्या होऊ लागल्या, पुनमच्या अंगात रक्त भरू लागलं आणि पोरगी आजीच्या मांडीवर बाळसं धरू लागली. पण फाइल उघडीच होती. शितलला दर महिन्याला लेकराचं वजन कळवावं लागे. एका तक्त्यात वजन गेलं : 'वाढ उत्तम'. दुसऱ्या तक्त्यात, चुन्याच्या रेघेच्या प्रकरणामुळे, आणखी एक नोंद गेली होती : 'किरणयुक्त व्यक्तीशी निकट संपर्क'. वरिष्ठ कार्यालयात हे दोन्ही तक्ते शेजारीशेजारी ठेवले गेले. कुणीतरी ते एकत्र वाचले आणि समासात लिहिलं, 'परिणाम उल्लेखनीय'.

वार्ताहरापर्यंत हे पोचायला वेळ लागला नाही. ह्या वेळी त्यानं प्रश्नचिन्हही घातलं नाही.

पहिल्यांदा शेजारच्या गावातली एक बाई आपलं अशक्त लेकरू घेऊन आली. "याडी, जरा मांडीवर घ्या ना." जिवनबाईनं घेतलं, लेकराला मांडी नाकारायची सवय तिला नव्हती. मग हट्ट्याहून एक जीप भरून आली. मग वसमतहून. मागं सरकून बसणाऱ्या शेजारणी आता रांगेतला पहिला नंबर आपला म्हणून भांडू लागल्या. जिवनबाई प्रत्येकीला बजावून सांगायची, "आगं, माझ्यात काही न्हाई! किरणं न्हाईत, काही न्हाई!"

"तसं लेखी हाय का?" बायका विचारायच्या.

लेखी नव्हतं. लेखी जे होतं ते उलटं होतं.

खंदारे सर दर रविवारी तांड्यावर येऊन रांगेला समजावू लागले. विजेरीचं उदाहरण देत, बिल्ल्याची हकीकत सांगत. लोक आदरानं ऐकून घेत आणि रांग न सोडता नमस्कार करत. सरांनी आता ते शेवटचं वाक्य म्हणणं कटाक्षानं टाळलं होतं. त्यामुळे हे खरे संशोधक नसावेत, असं लोकांचं मत झालं.

शेवटी जिवनबाईनं आपलाच एक उपाय काढला. मांडीवरचं लेकरू परत देताना ती त्याच्या आईला विचारू लागली, "घरी सासू हाय का?"

"हाय."

"तिच्या मांडीवर देत जा. आन् तू दोन घास जास्तीचे खात जा, त्या लाल गोळ्या घेत जा. एवढंच हाय, बाई. मला हात लावायला इतक्या लांब यायचं काम न्हाई."

बायका हे मन लावून ऐकत. एकीनं मात्र, हिंगोलीहून कारनं आलेल्या, थोडं पुढं वाकून हळूच विचारलं, "पण आमच्या सासूबाईंना शेक दिलेला नाही ना. चालेल?"

रांग अजून आहे. तांड्याच्या तोंडाशी एकानं चहाची टपरी टाकली आहे. त्या रांगेत तुम्हीही होतात, असं माझं म्हणणं नाही. तुम्ही शिकलेले आहात, असल्या गोष्टींवर तुमचा विश्वास नाही. तुम्ही फक्त शितलचा नंबर मिळवलात आणि विचारलंत, की गर्दी कोणत्या वारी कमी असते.